साठ-सत्तर हजारांचं गेमिंग मशीन: पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा

बारावीचा निकाल लागला की अकोल्यातल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात पोट्टे यायला लागतात. हातात व्हिडिओवरून उतरवलेली पार्टची यादी असते आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, आय फाइव्ह घेऊ की रायझन?" मी यादी बाजूला ठेवायला सांगते. आधी हे सांग, तू खेळणार काय आणि कोणत्या स्क्रीनवर? बाकी सगळं त्यावरून ठरतं.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ हे स्पर्धेचे गेम. त्यांत सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम (पडद्यावरची चित्रं) मिळतील तितकं बरं, आणि त्या फ्रेम काढायला प्रोसेसर आणि रॅम फार राबतात. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ यांसारखे गोष्टीचे गेम मात्र सगळा भार ग्राफिक्स कार्डवर टाकतात. नुसतं व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोराने महागडं कार्ड घेणं म्हणजे आईबाबांचे पैसे कपाटात ठेवल्यासारखंच.

स्क्रीनचंही तसंच. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. त्यावरची पायरी २५६० बाय १४४० ची, आणि तिच्यात ठिपके जवळपास पावणेदोन पट. तेवढं जास्त काम प्रत्येक फ्रेमला कार्डाने करायचं. साठ-सत्तर हजारांत मॉनिटरही बसवायचा असेल, तर फुल एचडीवरच थांबा. २४ इंची, आयपीएस पॅनल, स्पर्धेचे गेम असतील तर १४४ हर्ट्‌झ किंवा वर (सेकंदाला पडदा तितक्या वेळा बदलतो), नसतील तर १०० हर्ट्‌झही डोळ्यांना छान वाटतो. जुना ६० हर्ट्‌झचा मॉनिटर घरात असेल, तर सध्या तोच वापरून वाचलेले पैसे कार्डात घालणं मला पटतं. मॉनिटर सहा महिन्यांनी बदलता येतो, त्यासाठी कॅबिनेट उघडावं लागत नाही.

मी इथे एकेका पार्टचा भाव देत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे उसळले की महिन्यापूर्वीचं कोटेशन कामाचं राहिलं नाही. मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि एआयच्या सर्व्हरना लागणारी मेमरी बनवण्याकडे त्यांचा ओढा वाढला. त्याची झळ थेट आपल्या १६ जीबी रॅमच्या किटला लागली. म्हणून हिस्से लक्षात ठेवा. मॉनिटर सोडून जी रक्कम उरते तिच्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कार्डाला, साधारण पाव हिस्सा प्रोसेसर आणि मदरबोर्डाला (पुढे नुसतं बोर्ड म्हणते) मिळून, आणि उरलेल्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज देणारा सप्लाय, कॅबिनेट. रॅम चढी असेल तेव्हा कात्री बोर्डाच्या दिखाव्याला आणि कॅबिनेटच्या लाइटला लावा. एसएमपीएसला कधीच लावू नका. ते का, ते पुढे सांगते.

आधी कार्ड. या बजेटमध्ये बराच काळ एएमडीचं आरएक्स ६६०० हे माझं ठरलेलं उत्तर होतं. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॉटच्या आसपास. फुल एचडीवर आजही बहुतेक गेम मध्यम ते हाय सेटिंगवर नीट चालवतं. नवीन, बिलासह आणि वॉरंटीसह मिळत असेल तर अजूनही घ्या. हात थोडा सैल असेल तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० बघा. कॉलेजात ब्लेंडर शिकायचं असेल, व्हिडिओ रेंडर करायचे असतील, तर एनव्हिडियाच घ्या, कारण त्या कामाची पुष्कळ सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा या तंत्रावर जास्त चांगली चालतात. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी देतं आणि कागदावर फार मोहात पाडतं, पण त्याला बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणं गरजेचं आहे. जुन्या बोर्डावर ते लावणार असाल तर विचारच सोडा.

मेमरीचा आकडा बघताना एक चकवा ओळखून घ्या. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीचं २०२२ चं आणि ६ जीबीचं २०२४ चं. फरक फक्त २ जीबीचा नाही. ६ जीबीवाल्यात मेमरीची बस, म्हणजे डेटा ये-जा करायची वाट, १२८ ऐवजी ९६ बिटची आहे आणि चिपचे कोरही कमी आहेत. त्याचा गुण एकच, ते ७० वॉटमध्ये भागवतं आणि सहसा वेगळी वायर मागत नाही. एखाद्या कंपनीचा जुना ऑफिसचा डबा गेमिंगला लावायचा असेल तर ते योग्य. नवं मशीन बांधताना नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी ला तर मी दुकानात नाहीच म्हणते. ४ जीबी मेमरी, आणि बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईच्या (कार्ड बसतं त्या स्लॉटच्या) बोर्डावर ते लावलं की मेमरी भरताच गेम अडखळायला लागतो. आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत, त्यामुळे ते स्वस्त बोर्डावरही फारसं कुरकुरत नाही. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं फक्त डिस्प्ले दाखवण्यापुरती. डब्यावर "४ जीबी" असं कितीही मोठं लिहिलेलं असो, त्यांना गेमिंग कार्ड म्हणून विकणाऱ्याकडून दुसरंही काही घेऊ नका.

जुनं कार्ड घ्यायचं का? घेता येतं, आणि कधीकधी घ्यावंच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून चलन मिळवणं) बंद झालं, तेव्हा खाणीत राबलेली हजारो कार्डं बाजारात उतरली, आणि ती अजून हातोहात फिरताहेत. आरएक्स ५८० २०४८एसपी या नावाचं कार्ड दिसलं तर समजा की ते खऱ्या ५८० पेक्षा कमी ताकदीचं, ५७० च्या बरोबरीचं आहे. ड्रायव्हरचंही, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही बघा. एनव्हिडियाने जीटीएक्स १०५० टीआय, १०६० या पिढीला गेमचे नियमित ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. आजचे गेम त्यांच्यावर चालतील, पण दोन वर्षांनी येणाऱ्या गेमची खात्री कोणी देणार नाही. म्हणून जुन्यात उतरायचंच तर आरटीएक्स २०६०, आरटीएक्स ३०६०, आरएक्स ६६०० इथपर्यंतच या. ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड नीट वापरलेलं मिळालं तर फार चांगला सौदा.

पण हातात घेऊन, लावून, बघूनच. विकणाऱ्याच्या घरी जा. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. नकली बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलेलं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ते नावापुढेच फेक असं दाखवतं. मग कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क लावून पंधरा-वीस मिनिटं बसा. चहा पाजला तर प्या, पण स्क्रीनवरची नजर हलवू नका. रंगीत ठिपके, रेघा, मधेच काळा पडदा, यातलं एक जरी दिसलं तरी उठा. पंख्याचा आवाज कान देऊन ऐका. स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर कार्ड कोणीतरी उघडलंय. उघडण्यात वाईट काही नाही, पण का उघडलं ते विचारा आणि उत्तर देताना समोरचा किती चाचरतो ते बघा.

आता प्रोसेसर. मधल्या बजेटमध्ये सहा कोर, बारा थ्रेड हे बसतं. रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ, दोन्ही २०२२ चे, दोन्ही आजही या कार्डांना पुरून उरतात. पैसे अगदीच ताणलेले असतील तर आय३ १२१००एफ चार कोरांत आश्चर्य वाटावं इतकं काम करतो. शेवटच्या एफ चा अर्थ असा की आत डिस्प्लेची सोय नाही. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर महिनाभर मशीन झाकून ठेवावं लागेल. अभ्यासही त्याच मशीनवर होणार असेल, तर एफ नसलेला घेण्यासाठी थोडे जास्त मोजायला मी सांगते.

५६००, ५६००जी आणि ५५०० हे तिघे भाऊ वाटतात, पण दुकानदार एकाच्या जागी दुसरा देईल तर चालवून घेऊ नका. ५६०० मध्ये ३२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, बाकी दोघांत १६ एमबी. गेममध्ये हा फरक जाणवतो. ५६००जी चं काम वेगळं. ज्याच्याकडे आज पस्तीस हजारच आहेत त्याने कार्डाशिवाय ५६००जी वर सुरुवात करावी. व्हॅलोरंट फुल एचडीवर कमी सेटिंगला छान चालतं. मग दिवाळीला किंवा पहिल्या पगाराला कार्ड घालावं. हा मार्ग मला फार आवडतो, कारण त्यात कर्ज नाही. अट एकच, रॅमच्या दोन कांड्या हव्यात. आतलं ग्राफिक्स मेमरीसाठी याच रॅमवर जगतं, आणि एका कांडीवर त्याचा जीव निम्मा होतो.

एएम४ की एएम५? ही एएमडीच्या बोर्डावर प्रोसेसर बसायच्या जागेची, म्हणजे सॉकेटची नावं; ५६०० एएम४ वर बसतो. एएम४ चं सॉकेट आता वाढणार नाही, पुढे बदलायची वेळ आली तर बोर्ड आणि रॅम दोन्ही जातील. एएम५ वर एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ द्यायचं जाहीर केलंय, पण तिथे डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमशिवाय गत्यंतर नाही. रॅम महाग असताना मी पोरांना विचारते, तू खरंच तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणार आहेस का? बहुतेक जण तेव्हा नोकरीला पुण्यात असतात आणि नवं मशीन घ्यायच्या बेतात असतात. मग एएम४ आणि डीडीआर४ घेऊन उरलेले पैसे कार्डात घालणं शहाणपणाचं. ज्याला रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड झेपतो, त्याने अर्थात तेच घ्यावं.

बोर्डावर मी फार वेळ घालवत नाही. रायझन ५६०० ला बी५५०, परवडत नसेल तर ए५२०. इंटेलच्या बाराव्या पिढीला एच६१० किंवा बी६६०. बघायचं एवढंच की एसएसडीसाठी एम.२ स्लॉट आहे, रॅमचे निदान दोन स्लॉट आहेत, आणि मागच्या पट्टीवर हव्या तितक्या यूएसबी आहेत. बी४५० चा जुना साठा मिळाला तर बायोस अपडेट केलेला आहे का ते दुकानातच चालवून घ्या. नाहीतर ५६०० लावल्यावर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील, आणि तुम्हाला वाटेल प्रोसेसरच खराब आला.

सर्वात जास्त पोरं फसतात ती पंधरा-वीस हजारांच्या तयार "आय सेव्हन गेमिंग पीसी" मध्ये. काचेचं कॅबिनेट, रंगीत पंखे, १६ जीबी रॅम, आय सेव्हन. आत बघितलं तर चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३-१४ चा आय सेव्हन, बिननावाचा बोर्ड आणि जीटी ७३०. नुसतं आय सेव्हन हे नाव काही सांगत नाही, पिढी विचारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तरच चालतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटही टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणजे ज्या गेमसाठी पोराने हट्ट धरला, तोच गेम पुढे त्या डब्यावर अडेल. नवा आय३ १२१००एफ त्या जुन्या आय सेव्हनला गेममध्ये सहज मागे टाकतो.

रॅम दोन कांड्यांची, ८ आणि ८. डीडीआर४ असेल तर ३२०० ची, सीएल१६ मिळाली तर उत्तम (सीएल म्हणजे प्रतिसादाचा उशीर, कमी तितका बरा). डीडीआर५ मध्ये ६००० सीएल३० ही रायझनला मानवते, पण भाव बघून ५६०० वेगाच्या रॅमवर थांबलात तरी चालेल. जुन्यात बिनधास्त घ्यावी अशी वस्तू कोणती विचाराल तर रॅम. ती झिजत नाही. रात्रभर मेमटेस्ट लावून एकही चूक आली नाही तर समाधानाने वापरा.

एसएसडी: एनव्हीएमई, म्हणजे एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान, शक्य असेल तर १ टीबी. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच दीडशे जीबीच्या घरात जातो, त्यामुळे २५६ जीबी घेणं म्हणजे दर आठवड्याला गेम काढा-घाला. तिसऱ्या पिढीची सेकंदाला ३५०० एमबीची आणि चौथ्या पिढीची ७००० एमबीची यांत गेम खेळताना फरक कळत नाही. नाव असलेल्या कंपनीची, पाच वर्षं वॉरंटीची घ्या आणि पुढे चला.

आता एसएमपीएस. इथे मी हट्टी आहे आणि हट्टीच राहणार. माझ्या टेबलावर जळालेले बोर्ड येतात, त्यांतल्या कितीतरी मशीनमध्ये कॅबिनेटसोबत "फ्री" आलेला सप्लाय असतो. लेबलवर मोठ्या अक्षरात ५०० वॉट. पण कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर. लेबलवर त्या लाइनसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि बाराने गुणा. १६ अँपिअर असेल तर १९२ वॉट झाले. उलट नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा चांगला सप्लाय या लाइनवर ४० अँपिअरच्या वर देतो. आपल्या मशीनचा हिशेब करा: आरएक्स ६६०० चे १३२, ५६०० चे भरात असताना पाऊणशे, बाकी सगळ्यांचे मिळून पन्नास. अडीचशेच्या पुढे थोडं. म्हणजे ७५० वॉटची गरज नाही, पण ५५० वॉट खरा हवा. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), निदान तीन वर्षं वॉरंटी, आणि नाव माहीत असलेली मालिका: कॉर्सेअरची सीएक्स, कूलर मास्टरची एमडब्ल्यूई ब्राँझ, डीपकूलची पीके. आणि जुना कधीच नाही. आतले कपॅसिटर किती थकलेत ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

सप्लायइतकंच घरातलं अर्थिंग महत्त्वाचं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार घेऊन दर पावसाळ्यात कोणीतरी येतंच. मशीन खराब नसतं. घराच्या वायरिंगमध्ये तिसरी तार कुठे जोडलेलीच नसते, आणि सप्लायच्या फिल्टरमधून झिरपणारा थोडासा करंट जमिनीत जायला वाट शोधत पत्र्यावर बसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरने मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये पूर्ण २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट. गावाकडे, शेताजवळच्या घरात तर हे केल्याशिवाय मशीन लावूच नका. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुतेक वेळा ३६० वॉटच असतात. गेम चालू असताना मॉनिटरसकट तो काठावर येतो. १००० व्हीए घ्या. आणि घरचा जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावर गेमिंग मशीन चालवू नका.

कॅबिनेटची निवड आमच्याकडे ऊनच करतं. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खोलीतलीच हवा चाळिशीची असते आणि पंखा तीच गरम हवा आत ओढतो. पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट पुण्यात चालून जाईल, विदर्भात नाही. पुढे जाळी, पुढून दोन पंखे आत ओढणारे, मागून एक बाहेर फेकणारा. जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा. जिनिंगच्या परिसरात कापसाचं तूस आठवड्यात फिल्टर गच्च करतं. आणि खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. हवा थंड वाटते, पण तिच्यासोबत ओल आणि खाऱ्या पाण्याचे कण येतात, आणि दोन उन्हाळ्यांत बोर्डावर पांढरी पूड धरते. बाजूला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

खरेदी कुठून? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, आणि ऑनलाइन. भाव सगळीकडे विचारा, पण कार्ड आणि बोर्ड जिथून घ्याल तिथून सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिलच घ्या. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" असं कोणी म्हणालं तर ते १८ टक्के म्हणजे तुमची तीन वर्षांची वॉरंटी आहे. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या किंवा शेजारच्या जिल्ह्यात आहे का, कुरिअरने पाठवावं लागेल तर खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि यादीत कीबोर्ड, माउस, हेडफोन, विंडोज, स्पाइक गार्ड हे लिहिलेलं नसतं. त्यासाठी चार-पाच हजार पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

मशीन जोडून झाल्यावर चार गोष्टी त्याच दिवशी तपासा. रॅमचे चार स्लॉट असतील तर कांड्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्यात. बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहील आणि कोणी सांगणारही नाही. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्‌झ स्वतः निवडा, ते आपोआप होत नाही. मग आपला सर्वात जड गेम तासभर खेळा आणि कार्डाचं तापमान लिहून ठेवा. काही खटकलं तर पहिल्या आठवड्यातच दुकान गाठा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या थोड्या दिवसांत पार्ट थेट बदलून मिळतो, त्यानंतर तो दुरुस्तीला जातो आणि तुम्ही वाट बघत बसता. डबे, थर्माकोल आणि बिलाचा फोटो वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.